चांदणीच्या सहा शेपट्या

४ डिसेंबर, गुरुवार
नागपूर

दीप्तीताई,

सुरुवातीले सलाम लिहितात, पण मी लिहीत नाही. वर्षभरात तुह्याकडून एक सलाम आला नाही, मंग माहा काहून फुकट घालवू.

हे पत्र यमुताईच्या पिशवीत येऊन राहिलं. डोळ्याच्या प्रेशरसाठी त्या दर गुरुवारी उमरेडवरून धंतोलीत येतात, अन् परत जाताना आमच्या बेकरीतून टोस्ट घेतात. त्या तुह्याच गल्लीत राहतात हे मले माहीत नव्हतं. मागच्या गुरुवारी मी टोस्ट बांधून देत होती तं म्हणे, "तू दीप्तीची बहीण हायस का वं? नाक तेच दिसते." मी मान हालवली. तुले माहीतच हाय, अनोळखी माणसासमोर माहं सगळं बोलणं मानेतूनच होते.

त्याईनंच सांगितलं का तुले मुलगी झाली, आठ महिन्याची हाय. आठ महिने, ताई. अन् मले टोस्टच्या पुड्यासोबत समजलं.

आज नाव विचारलं, म्हणजे मान अशी वर केली, तं म्हणे, "सांगू नका म्हटलं तिनं. ज्याले पाहिजे त्यानं येऊन तोंडानं विचारावं. मी नाही सांगत बाप्पा, मले तिच्या शेजारी राहायचं हाय."

फोनचं तं तुले माहीत. तू नंबर बदलला. जुना होता तो पप्पानं मम्मीच्या फोनमधून पुसला. म्हणून कागद.

माहं काम एकच हाय. पंचवीस तारखेले घरी ये. तू, भाऊजी अन् बाळ. चर्च सुटल्यावर जेवायले.

या वर्षी नाताळची कागदी चांदणी मी करून राहिली. आजोबाची रीत तू विसरली नसशीन. घरात जेवढी माणसं तेवढ्या चांदणीले शेपट्या, अन् हर शेपटीवर एक नाव. तू कोर्टात लग्न केलं त्या डिसेंबरात पप्पा स्टुलावर चढले अन् तुही शेपटी मुळापासून कातरली. चर्चमध्ये लग्न नाही तं घरात नाव नाही, एवढं बोलले अन् उतरले. तवापासून तीनच लटकतात. गल्लीतले लोक काही विचारत नाही, पण जाता-येता मोजतात.

या वर्षी सहा लावणार. पप्पा, मम्मी, मी, तू, प्रेमानंद भाऊजी. सहावीवर लिहायले नाव पाठव. पप्पाले सांगितलं नाही. सांगणारही नाही, लावणार.

मागच्या वर्षी चोवीस तारखेले तू दारापर्यंत आली होती असं मम्मीनं मागाहून सांगितलं. मले ताप होता. मी झोपली होती, म्हणून समजलं नाही.

सोनिका


११ डिसेंबर, गुरुवार

ताई,

यमुताई आत्ता डॉक्टरकडे गेल्या. त्या परत येईपर्यंत मैद्याच्या पोत्यावर बसून लिहून राहिली, म्हणून अक्षर असं हाय.

पत्र वाचलं का विचारलं तं म्हणे, "वाचलं. 'झोपली होती म्हणते का' एवढं म्हटलं अन् लेकराले पाजायले बसली." बस. दोन पानं लिहिली होती मी.

इकडे भट्टीवर आता श्वास घ्यायले फुरसत नाही. सारे आपापला मैदा, साखर, तूप घेऊन येतात, इथंच नानकटाई वळतात अन् ट्रे भट्टीत जाईपर्यंत हालत नाही. आमच्या मालकावर, भैय्याजीवर, कोणाचा भरोसा नाही. आपल्या चर्चची जिजाबाई आंटी काल भट्टीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. "आमचं तूप आमच्याच नानकटाईत पडलं पाहिजे," म्हणे. भैय्याजी म्हणे, "बाई, तुमचं तूप एवढं पातळ हाय का ते कोणाच्या नानकटाईत पडलं तरी समजणार नाही." दोन तास बोलली नाही त्याच्याशी, पण स्टूल सोडला नाही.

माहं काम ट्रे ओळखायचं. कोणाचा कोपरा चेपला, कोणाचा कडेले जळलेला, मले सारे पाठ झाले. तोंडानं विचारावं लागत नाही म्हणून मले हे काम आवडते. नववीत मले उभं करून वाचायले लावत होते, आवाज निघत नव्हता अन् सारा वर्ग हसत होता. इथं ट्रे हसत नाही.

आपला जुना ट्रे अजून हाय. मागून तू खिळ्यानं फूल काढलं होतं ना, तो.

कामट्या पतंगवाल्याकडून आणल्या. कागद पिवळा घेतला. चांदणी बेकरीतच करून राहिली, वर पोत्यांच्या मागे. भैय्याजीनं पाहिलं.

"हे काय होय?"

मी कागदावर लिहून दाखवलं.

"सहा? तुह्या घरी तं तीन जण हाय ना गा?" तो सर्वाइले गा म्हणते, पोट्टी असो का पोट्टा. मंग स्वतःच समजला. म्हणे, "तुहा बाप इथं येऊन माही भट्टी थंडी करन. कर, पण मले माहीत नव्हतं असं सांगशीन." मंग लेई करायले मैदाही त्यानंच देला.

घरी मम्मीनं कुसल्यांचं सारण भाजलं. दरवर्षीपेक्षा डबल. पप्पा म्हणे, "एवढं कोण खाणार?" मम्मी म्हणे, "रवा जुना झाला होता, संपवून टाकला." रवा मी परवाच आणला होता. मम्मी पप्पाच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलली, अन् मी तिच्याकडे पाहतच राहिली.

तिनं खोटं सांगितलं म्हणून मलेही एक खरं सांगावंसं वाटते. मागच्या वर्षी मले ताप नव्हता. पण झोपली होती. खरंच.

नाव पाठव. नाही पाठवलं तरी शेपटी लावीन, कोरीच.

सोनिका


१८ डिसेंबर, गुरुवार

ताई,

यमुताईनं पिशवी खाली ठेवायच्या आधीच तुहा निरोप सांगितला. "ती म्हणते, त्या पोट्टीले सांगा, दाराखालून तिचे पाय दिसत होते."

मी टोस्ट बांधत होती. दोरी हातातून सुटली.

तुले वर्षभर माहीत होतं तं. अन् मी दोन पत्रात ताप अन् झोप लिहून राहिली.

मंग ऐक. मी दारामागेच होती. पप्पा आतून बोलले, "उघडायचं नाही," अन् खाटेवर बसून राहिले. उठले नाही. कडीजवळ मी होती. हात वर केला असता तं कडी निघाली असती. तू तीनदा वाजवलं. मंग "सोनू" म्हटलं. पप्पाले नाही, मम्मीले नाही, मले म्हटलं. तुह्या हातात डबा होता ना, त्याचं झाकण वाजून राहिलं होतं. तू पोटुशी होती हे मले मंग समजलं, मम्मीनं खिडकीतून पाहिलं होतं.

लहानपणी दुकानात, शाळेत, चर्चमध्ये, सारं माह्या वाटणीचं तूच बोलत होती. "सोनूले पाणी पाहिजे." "सोनूले हे गाणं नाही येत." त्या दिवशी तुह्या वाटणीचं एक काम माह्याकडे आलं, अन् तेही बोलायचं नव्हतं, फक्त कडी काढायची होती. तू पायऱ्या उतरली तोपर्यंत मी मोजत होती. अकरा पायऱ्या.

माफी मागत नाही. माफी पत्रात मागितली तं फार सोपी होते. तू ये, समोर मागते.

आता चांदणीचं ऐक. रविवारी पप्पा चर्चमध्ये येशूच्या जन्माचा गोठा बांधायले गेले तवा मी लावली. सहा शेपट्या, पाचावर नाव, एक कोरी. पप्पा आले, खाली उभे राहिले, मान वर.

"सहा काहून?"

मी स्टूल घट्ट धरून उभी राहिली.

"सोड."

मी सोडला नाही. त्याईनं आपल्या कामावरच्या दवाखान्यातून दुसरा स्टूल आणला. खरं सांगते, ताई, रामदासपेठेतून हातात स्टूल घेऊन आले, सारी गल्ली पाहत होती. तीन शेपट्या कातरल्या. सोमवारी मी परत लावल्या. मंगळवारी त्याईनं कातरल्या. कागद संपला तं मी केकच्या डब्याच्या लाल फितीच्या केल्या. बुधवारी सकाळी दवाखान्यात जाताना पप्पा घरातली कातर पिशवीत टाकून घेऊन गेले, मी आणखी कागद कापू नये म्हणून. पण फितीले कातर लागत नाही, दातानं तुटते. अन् संध्याकाळी कातर दवाखान्यातच विसरून आले, मंग त्याईलेच कापायले काही नव्हतं. मम्मी कणीक मळता मळता हसली अन् मंग खोकल्यासारखं केलं.

आज सकाळी सहाच्या सहा लटकून राहिल्या होत्या. पप्पा खालून गेले, वर पाहिलं नाही.

यमुताई म्हणे तुह्या सासूनं, तुळसाबाईनं, तुह्यासाठी चांदणी लावली. घरात बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो हाय, त्याच्याच बाजूच्या खिडकीत. अन् कुसल्यांले त्या करंज्या म्हणतात, म्हणून तुमचं भांडण झालं म्हणे. सासूसोबत करंजीवरून भांडते म्हणजे तुहं बरं चाललं हाय.

आता पंचवीसच्या आधी यमुताई येणार नाही. म्हणजे हे शेवटचं. पंचवीस तारीख, चर्च सुटल्यावर. दाराजवळ मीच असणार, अन् या वेळी कडी काढून.

सोनिका


२४ डिसेंबर, बुधवार, रात्र

ताई,

हे पत्र कोण नेणार माहीत नाही. तरी लिहून राहिली, कारण आज झालं ते आजच लिहिलं पाहिजे.

घर चुन्याचा वास मारून राहिलं. पडदे धुतले. कुसल्यांचे दोन डबे भरले. गोठ्यातली मेंढी तुटली होती, तिले लेईनं पाय चिकटवला. आठवते का, चर्चच्या नाटकात मी सहा वर्षं मेंढी होती. मेंढीले बोलावं लागत नाही म्हणून मीच हात वर करत होती.

सातले कॅरलवाले आले. पंधरा-वीस जण, ढोलक, टाळ. म्होरक्या बाबाराव अंकलच. आता काठी घेऊन चालतात. ते चांदणीखाली थांबले, वर पाहिलं, ओठ हालले. मोजलं त्याईनं. मंग चपला काढून आत आले.

दोन गाणे झाले. मंग नावं घ्यायची वेळ आली. तुले माहीत हाय, घरवाल्यानं घरातले नावं सांगायचे, अन् बाबाराव अंकल एकेक नाव घेऊन प्रार्थना करतात. दोन वर्षं पप्पा तीनच सांगतात.

"हं, वसंतराव. नावं."

"तुम्हाले पाठ हाय ना."

"पाठ हाय. पण घरवाल्याच्या तोंडून आले पाहिजे. बाहेर चांदणी काही सांगून राहिली, तुम्ही काय सांगता ते ऐकू द्या."

पप्पानं डोळे मिटले. "वसंत. सरिता. सोनिका."

साऱ्याईनं डोळे मिटले. बाबाराव अंकलनं हात वर केला. ताई, मले नववीचा वर्ग दिसला. तीच उभी राहायची भीती. पण त्या वर्गात माहं काही नव्हतं, फक्त पुस्तक होतं. इथं अंकलचा हात खाली आला असता तं तुहं नाव अजून एक वर्ष गेलं असतं.

"दीप्ती."

आवाज असा निघाला का ढोलकवाल्यानं डोळे उघडले. मले वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"काय म्हटलं बेटा?" अंकलनं विचारलं.

"दीप्ती. प्रेमानंद. अन् त्याईची मुलगी. तिचं नाव मले माहीत नाही. मी अजून विचारलं नाही."

मागून जिजाबाई आंटी हळूच म्हणे, "त्याईचं लग्न कुठं चर्चमध्ये झालं."

मी म्हटलं, "ही प्रार्थना तरी कुठं चर्चमध्ये होऊन राहिली, आंटी."

कोणीतरी फिसकन हसलं. मी जे बोलली ते एवढंच. मी मम्मीच्या मागे होती. मम्मीनं मागे हात करून माहं मनगट धरलं.

बाबाराव अंकल पप्पाकडे पाहत थांबले. मंग अंकलनं सहाच्या सहा घेतले. तुह्या मुलीपाशी आले तं म्हणे, "अन् ते लेकरू, बापा, ज्याचं नाव तुले माहीत हाय अन् आम्हाले विचारायचं हाय."

सारे आमेन बोलले. पप्पा बोलले नाही. पण उठून गेले नाही.

सारे गेल्यावर पप्पानं ताटातली एकही कुसली घेतली नाही. म्हणे, "उद्या कोणी येणार नाही. कशाले लोकाइसमोर तमाशा केला?"

"नाही आली तं मी आणायले जाईन."

"एकटी?"

"हाव."

"कंडक्टरले तिकीट मागता येते का तुले?"

मम्मी म्हणे, "असं बोलू नका तिले." पण पप्पा खोटं नाही बोलले. मले आजपर्यंत मागता आलं नाही. उत्तर त्याईले देऊन काय उपयोग, ते कंडक्टरलेच द्यावं लागीन.

सोनिका


२५ डिसेंबर, गुरुवार, सकाळ
तुह्या दारासमोर, उमरेड

ताई,

"एक उमरेड." दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा कंडक्टरले ऐकू गेलं नाही, पण दुसऱ्यांदा गेलं. तिकीट या पत्राले टाचणीनं लावलं हाय, ठेवून घे. पप्पाले दाखवायचं हाय.

तुही वाट पाहत बसली नाही, सकाळीच निघाली. तवा पप्पा आरशासमोर दाढी करत होते, चर्चसाठी. मम्मीनं कुसल्यांचा डबा पिशवीत टाकला, वरून माही शाल टाकली. मी दार ओढून घेऊन राहिली तं पप्पा आरशातूनच म्हणे, "राहू दे उघडं. हवा येते."

डिसेंबरात, ताई. सकाळी सहाले. मी तं स्वेटर घालूनही कुडकुडत होती. याचा अर्थ मी लावत नाही, तू लाव. दार उघडं ठेवून आली एवढं खरं हाय.

तुहं घर कोणाले विचारावं लागलं नाही. गल्लीत एकच चांदणी हाय. मी खाली उभी राहून मोजली.

सात.

मले वाटलं माही मोजणी चुकली. परत मोजली. मंग वाऱ्यानं एक शेपटी फिरली अन् तिच्यावर माहं नाव दिसलं. तुहंच अक्षर, स ले लांब शेंडी. दुसरीवर वसंत. तिसरीवर सरिता. तू आम्हाले तिघाले तुह्या घरात लटकवून ठेवलं अन् मले एक निरोप धाडला नाही. तू पप्पाचीच मुलगी हायस.

अन् सात काहून हे मंग ध्यानात आलं. मी तुळसाबाईले मोजलंच नव्हतं. जिनं तुह्यासाठी चांदणी लावली तिलेच विसरली. माही चांदणी चुकली. घरी गेल्यावर तिची शेपटी लावते. फित उरली हाय.

एक शेपटी सर्वात छोटी हाय. तिच्यावरचं नाव मी वाचलं नाही. वारा तिले माह्याकडे फिरवून राहिला होता तं मी तोंड फिरवून घेतलं. तू म्हटलं होतं, येऊन तोंडानं विचारावं. मंग तोंडानंच विचारीन. कोरी शेपटी पिशवीत हाय, स्केचपेन हाय.

मी पायरीवर बसून लिहून राहिली. आतून कुकरचा आवाज येऊन राहिला, अन् एक बारीक आवाज, रडण्याचा नाही, नुसता बोलल्यासारखा. पिशवी खाली ठेवताना डब्याचं झाकण वाजलं. आत तुही पावलं वाजली अन् थांबली.

कालचा अन् हा कागद आता दाराखालून सरकवते. मंग वाजवीन. तीनदा, तू वाजवलं होतं तसं. तुले उघडायचं नसन तं नको उघडू, मी बसून राहीन, परतीच्या गाड्या दिवसभर हाय. मागच्या वर्षी तू बाहेर होती, या वर्षी मी. पण नाव मी विचारणार हाय, मोठ्यानं, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन एवढ्यानं.

लिहायले वाकली तं दाराखालून दिसून राहिलं. ताई, तुहे पाय दिसून राहिले.

सोनू